ऋणमोचनाची वाट

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर तिवसा हे गाव लागते. गावाबाहेर पडले की दोन्ही अंगांना काळी, कसदार जमीन पसरलेली दिसते. पावसाळ्यात ह्या जमिनीवर पऱ्हाटीची हिरवी शेते डोलतात आणि दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटली की तीच शेते पांढरीशुभ्र होतात. पश्चिमेस दर्यापूर, मूर्तिजापूर व अकोला येथपर्यंत अशीच जमीन आहे. ह्या प्रदेशास वऱ्हाड म्हणतात. जमीन सोन्यासारखी, परंतु ती कसणारा शेतकरी मात्र पुष्कळदा कर्जाने गांजलेला असे. असे का होई, आणि अशा दिवसांत मनाचा तोल ढळू न देता कसे राहावे, हे एका मुलाने स्वतः भोगून जाणले. पुढे सुमारे पन्नास वर्षे तो तेच गावोगाव सांगत हिंडला. त्या मुलाचे नाव देबूजी. सारा महाराष्ट्र त्यांना गाडगेबाबा ह्या नावाने ओळखतो.

देबूजींचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. वडिलांचे नाव झिंगराजी व आईचे सखूबाई. आडनाव जानोरकर. झिंगराजी स्वभावाने वाईट नव्हते. परंतु त्यांना दारूचे व्यसन जडले. दारूपायी घरातील चीजवस्तू एकेक करून गेली आणि शेवटी त्यांची प्रकृतीही गेली. देबूजी आठ वर्षांचा असतानाच पित्याचे छत्र हरपले. सखूबाई मुलास घेऊन आपल्या माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे ह्या गावी आली.

दापुऱ्यास देबूजीचे मामा चंद्रभानजी शेती पाहत असत. देबूजी शाळेत कधी गेला नाही. तो पहाटे उठे, गोठा झाडी, गुरे रानात नेई. थोडा मोठा झाल्यावर तो औत धरू लागला. नांगरणी, पेरणी, निंदणी, वेचणी अशा कोणत्याही कामास त्याने कधी नाही म्हटले नाही. गावात त्याच्याएवढा कामाचा उरक दुसऱ्या कोणास क्वचितच असे. रात्री काम संपले म्हणजे तो सवंगड्यांना जमवून भजन करी. त्या मेळ्यात जातपात पाहिली जात नसे. सर्वांनी एकत्र बसून भाकरी खावी, असा त्याचा आग्रह असे.

घर सुखी होते. परंतु त्या सुखाच्या मुळाशी एक कीड लागली होती. ती कर्जाची होती.

ही कीड वऱ्हाडात कशी शिरली, हे थोडे समजून घेतले पाहिजे. 1861 ते 1865 ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि तेथून इंग्लंडच्या गिरण्यांना जाणारा कापूस बंद पडला. त्या गिरण्यांना भारतातील कापूस हवा झाला. वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी मोठा भाव आला. शेतकऱ्यांच्या हाती पैसा खेळू लागला आणि सावकारही सढळ हाताने कर्ज देऊ लागले. पुढे युद्ध संपले. अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात आला आणि भाव कोसळले. भाव उतरला, कर्ज मात्र उतरले नाही. सरकारचा सारा रोख भरावा लागे. पेरणीसाठी बी लागे, लग्नकार्य निघे. दर वेळी शेतकरी सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसे.

व्याज कसे वाढते ते पाहा. एखाद्याने शंभर रुपये दरसाल दरशेकडा पंचवीस दराने चक्रवाढ व्याजाने काढले व काहीच फेडले नाही, तर तीन वर्षांत ते एकशे पंचाण्णव रुपयांवर जातात. ज्यास हिशेब येत नाही, त्यास हे वाढणे दिसत नाही. गवतातील साप दिसत नाही तसे ते असते.

चंद्रभानजी मनाने सरळ होते. त्यांना लिहिता-वाचता येत नसे. सावकाराचे देणे ते वेळोवेळी देत राहिले; पण दिलेल्या पैशाची पावती त्यांनी घेतली नाही. दिलेला शब्द हाच त्यांना कागद वाटे. पुढे एके दिवशी सावकाराने बाकीचा मोठा आकडा पुढे केला. आपण पैसे दिले, हे दाखविण्यास मामांजवळ काहीच नव्हते. घामाने भिजवलेली जमीन हातची गेली. हा धक्का त्यांना सोसला नाही. ते अंथरुणास खिळले आणि त्या दुःखातच त्यांचा अंत झाला.

आता घराचा भार तरुण देबूजीवर पडला. त्याचे लग्न 1892 साली कुंताबाईशी झाले होते. घरात म्हातारी माणसे होती, आई होती, पत्नी होती. डोक्यावर कर्ज होते. वडिलांना व्यसनाने नेले होते आणि मामांना चिंतेने. तिसरी वाट शोधणे देबूजीस भाग होते.

त्याने नशिबास बोल लावला नाही, की हातपाय गाळून तो बसला नाही. त्याने प्रथम घरात काय उरले आहे ते पाहिले. दोन बळकट हात उरले होते, बैल होते आणि साऱ्या माणसांची काम करण्याची तयारी होती. जे गेले त्याचा विचार करीत बसण्यापेक्षा जे आहे ते कामास लावावे, असे त्याने ठरविले. तो आपले शेत करून दुसऱ्याच्या शेतावरही राबू लागला. घरातील खर्चास त्याने कात्री लावली. घर बोलके, हसते ठेवण्याचा मात्र त्याने प्रयत्न केला. दिवसभर राबलेला देबूजी रात्री भजनात पूर्वीसारखाच रंगून जाई. कित्येकांना ह्याचे नवल वाटे. परंतु त्या भजनानेच त्याचे मन दुसऱ्या दिवसाच्या कामास ताजे होत असे.

एकदा सावकार आपली माणसे घेऊन शेताचा ताबा घेण्यास आला. देबूजी त्या वेळी औत हाकीत होता. सावकारापुढे मान वर करण्याची तेव्हा कोणाची छाती नसे. देबूजी मात्र जागचा हलला नाही. शेत कसणाऱ्याचा हक्क सोडून आपण जाणार नाही, असे त्याने ठामपणे बजावले. त्याचा तो निर्धार पाहून सावकारास त्या दिवशी परत फिरावे लागले. शांत राहणे म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणे नव्हे, हे गावाने त्या दिवशी पाहिले.

ह्याच सुमारास वऱ्हाडावर दुसरे संकट कोसळले. 1896-97 साली व पुन्हा 1899-1900 साली भीषण दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, गुरे मेली, अन्नासाठी माणसे गाव सोडून निघाली. ते दिवस तरुण देबूजीने उघड्या डोळ्यांनी पाहिले. गरिबी माणसास जेवढी छळते त्याहून अधिक कर्ज व खोटी प्रतिष्ठा छळतात, हे त्याच्या मनाने घेतले.

देबूजीच्या घरी मुलगी झाली. बारशास जातीची पंगत द्यावी, पंगतीत मांस व दारू असावी, अशी तेव्हाची रीत होती. त्यासाठी लोक कर्जही काढीत. देबूजीने ही रीत मोडली. त्याने पाहुण्यांना बुंदीचे लाडू वाढले. भाऊबंद रागावले, पुष्कळ बोलले. देबूजीने सर्व शांतपणे ऐकून घेतले. परंतु आपला विचार बदलला नाही. ज्या दारूने पिता नेला, ती दारू आपल्या दारात येऊ द्यावयाची नाही, एवढेच त्यास ठाऊक होते.

1 फेब्रुवारी 1905 रोजी पहाटे देबूजींनी घर सोडले. अंगावर फाटके वस्त्र, हाती काठी आणि एक फुटके गाडगे एवढाच त्यांचा संसार. त्यामागे घराचा भार सखूबाई व कुंताबाई ह्यांवर पडला आणि त्या दोघींनी तो मोलमजुरी करून वाहिला. गाडगेबाबांची थोरवी सांगताना ह्या दोन स्त्रियांच्या कष्टांचा विसर पडू देणे योग्य होणार नाही.

देबूजी गावोगाव हिंडू लागले. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात बांगडीची काच आणि चिंध्यांचे वस्त्र असा त्यांचा वेष असे. कोणाच्या दारी गेले तर आधी झाडलोट करीत, लाकडे फोडीत आणि मग भाकरी मागत. काम केल्यावाचून खाणे हेही एक कर्जच आहे, असे ते मानीत. त्याच फुटक्या गाडग्यात ते भाकरी खात. त्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे तीर्थ आहे. ऋणमोचन म्हणजे कर्जातून सुटका. पौष महिन्यात तेथे मोठी यात्रा भरते. त्या काळी नदीस उतरण्याची वाट चिखलाने निसरडी होई आणि म्हाताऱ्या माणसांचे फार हाल होत. बाबांनी हाती कुदळ घेतली. ते एकटेच उतार खणून पायऱ्या करू लागले. त्यांना पाहून दुसरे लोक पुढे आले आणि कालांतराने तेथे पक्का घाट उभा राहिला. पुण्य मिळावे, डोक्यावरचे ऋण फिटावे म्हणून लोक तेथे येत. बाबांनी मात्र हाताला काम लावून ऋण फेडण्याची वाट दाखविली.

दिवसा बाबा खराट्याने गाव झाडीत आणि रात्री त्याच गावात कीर्तन करीत. त्यांचे कीर्तन इतरांसारखे नसे. ते श्रोत्यांना वऱ्हाडी बोलीत साधे प्रश्न विचारीत. लोक उत्तरे देत आणि त्या उत्तरांतूनच आपली चूक त्यांच्या ध्यानी येई. लग्नासाठी, तेराव्यासाठी, यात्रेसाठी कर्ज काढू नये. स्वस्त कापड वापरावे. दारूस शिवू नये. देवापुढे मुके जनावर मारू नये. घरात ताट नसले तरी चालेल, पण मूल शाळेत गेले पाहिजे, असे ते कळकळीने सांगत. मामांचे शेत का गेले हे ते विसरले नव्हते. एक पावती वाचता आली असती तर एक घर वाचले असते. म्हणून शिक्षणाविषयीचे त्यांचे बोलणे लोकांच्या काळजास भिडे.

1923 साली कोकणात खारेपाटण येथे बाबांचे कीर्तन चालू होते. तेथे त्यांना आपला पुत्र गोविंद मरण पावल्याची बातमी कळली. बाबांनी कीर्तन थांबविले नाही. जमलेली माणसे दूरदुरून आली होती. त्यांच्यापुढे घेतलेले काम त्यांनी पुरे केले. त्यांना दुःख झाले नाही असे नव्हे. बापाचे काळीजच ते! परंतु हाती घेतलेले काम सोडून दुःख हलके होत नाही, हे त्यांनी तरुणपणीच ओळखले होते.

लोक बाबांना पैसे देऊ लागले. पै पै करीत मोठी रक्कम जमली. बाबांनी तिच्यातून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा बांधविल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. मुंबईस दादर येथील धर्मशाळेत दूरदूरच्या गरीब रुग्णांना व त्यांच्या नातलगांना आसरा मिळाला. 1952 साली ह्या सर्व कामांसाठी संस्था स्थापन झाली. तीत आपल्या नातलगांस कोणताही हक्क राहणार नाही, अशी बाबांनी व्यवस्था केली. ज्यांनी लाखो रुपयांच्या इमारती उभ्या केल्या, त्यांनी स्वतःसाठी एक खोलीही बांधली नाही.

तिवसा तालुक्यातील मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन करणारे तुकडोजी महाराज हे बाबांचे स्नेही. दोघांची वाणी वेगळी. पण व्यसन सोडावे, श्रम करावे व गाव सुधारावे, हे सांगणे एकच होते.

20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या काठी बाबांचे देहावसान झाले. अमरावतीस त्यांची समाधी आहे. जो मुलगा कधी शाळेची पायरी चढला नाही, त्याचे नाव 2005 साली अमरावतीच्या विद्यापीठास देण्यात आले.

वऱ्हाडातील शेतकऱ्यास आजही कधी पाऊस फसवितो, कधी भाव फसवितो. अशा वेळी घरातील मोठी माणसे गप्प होतात, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. तेव्हा त्यांच्याजवळ बसावे. आपल्याला जमेल ते काम हाती घ्यावे, नको ती वस्तू मागू नये, हिशेबाची वही त्यांना वाचून दाखवावी. देबूजीनेही एवढेच केले होते. जे उरले होते ते त्याने मोजले आणि तेथून कामास सुरुवात केली.

स्वाध्याय

1. चंद्रभानजींची जमीन सावकाराकडे कशी गेली? ती कशाने वाचली असती?
2. मामांच्या मृत्यूनंतर देबूजीने घर कसे सावरले, ते तुमच्या शब्दांत लिहा.
3. 'शांत राहणे म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणे नव्हे.' हे पाठातील कोणत्या प्रसंगावरून दिसते?
4. वऱ्हाडच्या कापसाचा भाव वाढण्याचे व उतरण्याचे कारण सांगा.
5. तुमच्या घरच्या एका आठवड्याच्या खर्चाचा हिशेब वडीलधाऱ्यांच्या मदतीने लिहून काढा.