पडदा व्यापणारा डोळा

सन १९३४. चित्रगृहातील दिवे मालवले जातात आणि पडद्यावर एक तळघर उघडते. हेलकावणाऱ्या ज्योती, भिंतींवर लांबलेल्या सावल्या, चंडिकेच्या भक्तांची गुप्त सभा. कॅमेरा जमिनीलगत राहून त्या सभेभोवती फिरतो. धर्माच्या नावाने राजाच्या हत्येचा कट शिजत असतो. आणि मग राजगुरूचा एकच डोळा वाढत वाढत सारा पडदा व्यापून टाकतो. 'अमृतमंथन'च्या या प्रारंभाने भारतीय प्रेक्षकाला पडद्यावरील भयाची एक नवी भाषा शिकवली. ती घडवणारे दिग्दर्शक होते व्ही. शांताराम.

शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ रोजी कोल्हापुरात झाला. शिक्षण बेताचेच. गंधर्व नाटक मंडळीत त्यांनी बालवयात उमेदवारी केली, हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात घाम गाळला आणि तेथील तंबूवजा चित्रगृहात पडेल ते काम केले. १९२० मध्ये ते बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दाखल झाले. स्वतःचा कॅमेरा स्वतः घडवणाऱ्या या कलामहर्षींच्या हाताखाली झाडलोटीपासून अभिनयापर्यंत सारे काही करावे लागे. १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये पेंटरांनी रात्रीची दृश्ये कृत्रिम प्रकाशात चित्रित केली. प्रकाश कोठे टाकावा, याइतकेच तो कोठे टाकू नये, हेही महत्त्वाचे असते, हा धडा शिष्याला तेथे मिळाला.

१ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह शांतारामांनी कोल्हापुरात 'प्रभात'ची स्थापना केली. 'अयोध्येचा राजा' (१९३२) या पहिल्या मराठी बोलपटाने कंपनीचे नाव सर्वतोमुखी झाले. पाठोपाठ 'सैरंध्री' रंगीत करण्याचे धाडस झाले. त्यासाठी १९३३ मध्ये शांताराम जर्मनीला गेले. परंतु हाती आलेले रंग मनासारखे उतरले नाहीत आणि मोठी आशा धुळीस मिळाली.

मात्र ही वारी वाया गेली नाही. जर्मन चित्रपटांनी छायाप्रकाशाच्या खेळातून मनातले भय पडद्यावर आणले होते. तिरक्या सावल्या, अनपेक्षित कोन, अंधाराला दिलेले नाट्यमूल्य यांचा ठसा शांतारामांच्या पुढील कामावर दिसतो, असे अभ्यासक मानतात. त्याच वर्षी 'प्रभात'ने कोल्हापूर सोडून पुण्यात नवा स्टुडिओ उभारला. 'सैरंध्री'चा फटका ताजा होता आणि नव्या वास्तूतील पहिल्याच चित्रपटावर कंपनीची पत अवलंबून होती. तो चित्रपट म्हणजे 'अमृतमंथन'.

नारायण हरी आपटे यांच्या 'भाग्यश्री' या कादंबरीवर तो आधारलेला होता. राज्यात बळी देण्याची प्रथा बंद करणारा राजा आणि त्याच्या जिवावर उठलेला राजगुरू, असा हा संघर्ष. रचनाही धूर्त होती. हत्येचा बेत प्रेक्षकाला प्रारंभीच कळतो. राजाला मात्र त्याची गंधवार्ताही नसते. पुढचे प्रत्येक साधे दृश्य त्यामुळे धोक्याने भारले जाते. नेमके काय घडणार हे ठाऊक असूनही ते कधी घडणार हे ठाऊक नसणे, यातच उत्कंठेचे बीज असते. ज्या आल्फ्रेड हिचकॉक यांच्या नावाशी हे तंत्र पुढे कायमचे जोडले गेले, त्यांचा 'द मॅन हू न्यू टू मच' हा चित्रपटही याच वर्षी इंग्लंडमध्ये प्रदर्शित झाला.

राजगुरूचा डोळा टिपण्यासाठी शांताराम आणि छायालेखक केशवराव धायबर यांनी टेलिफोटो भिंगाचा आधार घेतला. नटापासून अंतर राखूनही हे भिंग चेहऱ्याचा एखादाच भाग भव्य करून दाखवते. सुस्पष्ट दिसणारा पट्टा मात्र अत्यंत अरुंद असतो. नट किंचित पुढे-मागे झाला, तरी प्रतिमा धूसर होते. म्हणून नटाला जवळजवळ श्वास रोखूनच बसावे लागे. मराठी आवृत्तीत केशवराव दाते आणि हिंदीत चंद्रमोहन हे राजगुरू होते. चंद्रमोहन यांच्या करड्या, पाणीदार डोळ्यांनी त्यांना एका रात्रीत देशभर ओळख मिळवून दिली. मुंबईत या हिंदी आवृत्तीने रौप्यमहोत्सव साजरा केला आणि पुण्याचा नवा संसार सावरला.

पुढे 'कुंकू' (१९३७) मध्ये त्यांनी पार्श्वसंगीत वर्ज्य केले आणि घड्याळाच्या टिकटिकीसारख्या नित्याच्या आवाजांतून जरठ-बाला विवाहाची घुसमट ऐकवली. तेथेही वृद्ध पतीच्या भूमिकेत केशवराव दातेच होते. पण पडदा व्यापणारा तो दरारा उरला नव्हता. आरशाच्या तुकड्यांत तोच चेहरा विदीर्ण होऊन दिसला.

१९४२ मध्ये शांतारामांनी 'प्रभात' सोडली आणि मुंबईत 'राजकमल कलामंदिर' उभारले. तेथे १९५७ मध्ये साकारलेल्या 'दो आँखें बारह हाथ'च्या केंद्रस्थानी पुन्हा डोळेच होते. औंध संस्थानातील स्वतंत्रपूर या खुल्या वसाहतीच्या प्रयोगावरून सुचलेल्या या कथेत सहा खुनी कैद्यांना जेलरची नजर बांधून ठेवते. राजगुरूची नजर माणसाला खुनाकडे ढकलणारी होती; या जेलरची नजर खुन्याला माणूसपणाकडे परत बोलावणारी ठरली. ती भूमिका शांतारामांनी स्वतः केली. बैलाशी झुंजीच्या चित्रणात त्यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली आणि ज्या दृष्टीवर आयुष्य उभे होते, तीच जाते की काय, अशी वेळ आली. डोळ्यांवर पट्टी बांधून काढलेल्या त्या दिवसांनंतर दृष्टी परतली आणि १९५९ मध्ये रंगांची मुक्त उधळण करणारा 'नवरंग' आला. 'दो आँखें'ला बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले होते.

दादासाहेब फाळके पुरस्काराचे (१९८५) मानकरी ठरलेल्या शांतारामांचे ३० ऑक्टोबर १९९० रोजी निधन झाले. पुण्यातील 'प्रभात'च्या वास्तूत १९६० पासून चित्रपटशिक्षणाची संस्था आहे. कॅमेरा कोठे ठेवावा आणि प्रेक्षकापासून काय लपवावे, याचे धडे तेथे नव्या पिढ्या गिरवतात. ते पाठ्यपुस्तकात येण्याच्या कितीतरी आधी त्याच आवारात एका अल्पशिक्षित कोल्हापूरकराने केवळ एका डोळ्याने पडदा भरून दाखवला होता.