सांवलीवरून पृथ्वी मोजणारा एराटोस्थेनीस

पृथ्वीचा परिघ सुमारें ४०,००० किलोमीटर आहे, हें आपण भूगोलाच्या पुस्तकांत वाचतों व परीक्षेपुरतें पाठही करतों. परंतु एवढ्या अवाढव्य गोलाभोंवतीं दोरी कोणी व कशी गुंडाळली असेल, हा प्रश्न आपल्यापैकीं कितीजणांच्या मनांत येतो? ज्या पुरुषानें दोरीवांचून, समुद्र न ओलांडतां, केवळ एका सांवलीच्या आधारानें हें माप काढलें, त्याचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

एराटोस्थेनीस याचा जन्म इ. स. पूर्वीं २७६ च्या सुमारास, आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्याजवळील सायरीनी या ग्रीक वसाहतींत झाला. हें स्थळ आज लिबिया देशांत मोडतें. तरुणपणीं तो विद्याभ्यासासाठीं अथेन्सला गेला व तेथें अनेक तत्त्वज्ञांच्या पायांशीं बसून शिकला. एकाच गुरूचा संप्रदाय धरून राहणें त्याच्या स्वभावांत नव्हतें. काव्य, व्याकरण, गणित, ज्योतिष, इतिहास, जें जें दिसेल तें तें त्यास हवें असे. त्याची कीर्ति ऐकून इ. स. पूर्वीं २४५ च्या सुमारास इजिप्तचा राजा तिसरा टॉलेमी यानें त्यास अलेक्झांड्रियास बोलावून घेतलें. पुढें राजपुत्राचें शिक्षण आणि तेथील जगविख्यात ग्रंथालयाची व्यवस्था हीं दोन्ही कामें त्याजकडे आलीं.

या बहुश्रुततेची किंमतही त्यास द्यावी लागली. अलेक्झांड्रियांतील पंडितांनीं त्याचें नांव ‘बीटा’ असें ठेविलें होतें. ग्रीक वर्णमालेंतील हें दुसरें अक्षर. प्रत्येक विषयांत हा दुसरा, पहिला कशांतच नाहीं, असा त्या नांवांतला टोमणा. वर्गांत कायम दुसरा क्रमांक पटकावणाऱ्या मुलास हें दुःख चांगलें समजेल! पण आर्किमिडीजसारख्या गणितीनें आपल्या शोधांची रीत सांगणारा ग्रंथ याच ‘बीटा’स उद्देशून लिहून पाठविला, एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या टोमण्याचें मोल कळून येतें. मूळ संख्या निवडून काढण्याची त्याची चाळणी तर आपल्या शाळांतून अद्यापि शिकविली जाते. भूवर्णनाच्या शास्त्रास आज युरोपांत जें नांव आहे, तेंही त्याच्याच ग्रंथावरून रूढ झालें.

पृथ्वी गोल आहे हें ग्रीक विद्वानांस पूर्वींच पटलें होतें; प्रश्न होता आकाराचा. अरिस्टॉटलनें तत्कालीन गणितज्ञांचा म्हणून ४,००,००० स्टेडिया हा परिघ नमूद केला आहे. परंतु तो आंकडा कसा काढला, हें तो सांगत नाहीं. एराटोस्थेनीसचें वेगळेपण येथेंच आहे. त्याची रीत कोणासही पडताळून पाहतां येते.

इजिप्तच्या दक्षिण सीमेवर नाईल नदीच्या कांठीं सायेनी नांवाचें गांव होतें. तेंच आजचें आस्वान. २१ जूनच्या सुमारास, वर्षांतील सर्वांत मोठ्या दिवशीं, तेथें माध्यान्हीं उभ्या काठीची सांवली पडत नसे. ऊन विहिरीच्या थेट तळाशीं पोंचे, असें जुने लेखक सांगतात. त्याच दिवशीं, त्याच वेळीं, उत्तरेस अलेक्झांड्रियांत मात्र सांवली पडे. वाटीसारख्या अर्धगोल छायायंत्रांत ती मोजली, तेव्हां सूर्य डोक्यावरून पूर्ण वर्तुळाच्या एक पन्नासांश, म्हणजे सुमारें सव्वासात अंश, कललेला आढळला. सूर्य इतका दूर आहे कीं त्याचे किरण सर्वत्र समांतरच येतात असें धरावें. मग समांतर रेषांच्या व्युत्क्रम कोनांचा जो सिद्धान्त आपण भूमितींत शिकतों, त्याप्रमाणें हाच कोन पृथ्वीच्या मध्याशीं या दोन गांवांमध्यें होतो. दोन्ही गांवांतील अंतर ५,००० स्टेडिया मानलें जाई. त्याची पन्नासपट केली कीं परिघ २,५०,००० स्टेडिया.

हें गणित एका माणसानें एका जागीं बसून होण्यासारखें नव्हतें. सायेनीला माध्यान्हीं सांवली नाहींशी होते, हें तेथील कोणा निरीक्षकानें पाहिलें. दोन गांवांतील अंतर राजाच्या मोजणीदारांकडून मिळालें, असें एका प्राचीन लेखकाचें म्हणणें आहे. त्यांपैकीं कोणाचेंही नांव इतिहासानें राखलें नाहीं. अनोळखी माणसांनीं केलेलें काम ग्रंथालयांत एकत्र आलें आणि तेथें तें जोडणारा मनुष्य भेटला.

कांहीं लेखक त्याचें उत्तर तंतोतंत होतें असें सांगतात. तो उत्साह जरा अधिकच म्हणावा लागेल. स्टेडियमची लांबी १५७ मीटर धरली तर परिघ ३९,००० किलोमीटरांवर येतो. १८५ मीटर धरली तर तोच ४६,००० वर जातो. शिवाय सायेनी हें बरोबर कर्कवृत्तावर नव्हतें, व तीं दोन गांवें एका रेखावृत्तावरही नाहींत. तरीही रीत निर्दोष होती.

वृद्धपणीं त्याची दृष्टि गेली. ज्यानें आयुष्यभर वाचन केलें, त्यास ग्रंथालयांत असून एक अक्षर दिसेनासें झालें. या दुःखानें त्यानें अन्न सोडलें व इ. स. पूर्वीं १९४ च्या सुमारास देह ठेविला, अशी परंपरागत कथा आहे. पृथ्वीच्या मापनावरील त्याचा ग्रंथही नष्ट झाला. पुढें क्लिओमिडीझ नांवाच्या एका ग्रीक शिक्षकानें ज्योतिषाच्या आपल्या सुबोध पुस्तकांत ही रीत समजावून सांगितली, म्हणूनच ती आपल्यापर्यंत पोंचली.

अलीकडे तर शाळांनींच हा प्रयोग हातीं घेतला आहे. सन २००० मध्यें फ्रान्समध्यें असा उपक्रम सुरू झाला. दूरदूरच्या शाळांतील मुलें माध्यान्हीं सांवली मोजतात व आंकडे एकमेकांस कळवितात. आपल्याकडेही तो सहज करतां येईल. कोल्हापूर व नंदुरबार हीं शहरें जवळजवळ एकाच रेखावृत्तावर असून त्यांत सरळ रेषेनें सुमारें ५२० किलोमीटर अंतर आहे. २१ मार्चच्या सुमारास, सांवली सर्वांत आंखूड होईल त्या क्षणीं, एक मीटर उंचीच्या उभ्या काठीची सांवली कोल्हापुरास सुमारें ३० सेंटिमीटर व नंदुरबारास सुमारें ३९ सेंटिमीटर भरेल. त्यांवरून निघणाऱ्या दोन कोनांची वजाबाकी केली कीं पुढचा हिशेब वर दिलाच आहे. मात्र दोन्ही मापें एकाच दिवसाचीं हवींत. एका गांवीं ढग आले, तर दुसऱ्या गांवच्या मुलांसही पुन्हां उद्यां काठी रोंवून उभें राहावें लागेल.