वसईचे विजेते चिमाजी अप्पा

थोरल्या बाजीराव पेशव्यांचे नाव मराठी मुलखात कोणास ठाऊक नाही? परंतु त्यांच्या पाठीशी त्यांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा सदैव उभे होते, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही.

चिमाजी अप्पा हे पेशवे बाळाजी विश्वनाथ व राधाबाई यांचे पुत्र. इ. स. १७२० मध्ये वडील निवर्तले व छत्रपती शाहू महाराजांनी बाजीरावांस पेशवेपदाची वस्त्रे दिली. तेव्हापासून बाजीराव दूरच्या मोहिमांवर जात आणि मागे पुण्याचा कारभार बहुधा अप्पा पाहत. त्यांची प्रकृती नाजूक असून श्वासाच्या विकाराने ते वरचेवर आजारी पडत. तथापि प्रसंग येताच तलवार उचलण्यास त्यांनी कधी विलंब केला नाही. १७२८ मध्ये माळव्यात अमझेऱ्याच्या लढाईत त्यांनी मोगल सुभेदार गिरिधर बहादुर याचा पराभव केला. १७३६ मध्ये कोकणात रेवसनजीक त्यांनी जंजिऱ्याच्या सिद्दी सात याला ठार केले.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड कार्य मात्र पुढेच होते. वसई व साष्टीचा सुपीक प्रांत १५३४ पासून पोर्तुगीजांच्या अंमलाखाली होता. रयतेवर धर्मासाठी जुलूम होत असे. त्यास कंटाळून अंजूरचे गंगाजी नाईक व त्यांच्या बंधूंनी पेशव्यांकडे वारंवार दाद मागितली. अखेर मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टीत प्रवेश केला आणि ठाण्याचा अर्धवट बांधून झालेला किल्ला जिंकला. वसई मात्र हाती आली नाही. त्या किल्ल्याच्या तीन बाजूंस समुद्र, खाडी व दलदल होती. चौथ्या बाजूस भक्कम तट व तोफा होत्या. पहिले हल्ले परतवले गेले व दोन वर्षे झुंज चालू राहिली.

१७३९ च्या आरंभी अप्पा स्वतः कोकणात उतरले. प्रथम त्यांनी माहीम व तारापूर ही ठाणी घेतली. तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव हा शूर सरदार कामी आला. नंतर वसईला वेढा पडला. त्याच सुमारास इराणचा बादशहा नादिरशहा दिल्लीवर चालून आला होता. उत्तरेकडे जाण्यासाठी बाजीरावांना फौज हवी होती. पण ती वसईत गुंतलेली होती. पावसाळाही जवळ येत चालला होता. आता माघार घ्यावी, तर हजारोंचे रक्त व्यर्थ जाणार. थांबावे, तर उत्तरेत संकट वाढणार! अप्पांनी वेढा उठवला नाही. मराठ्यांनी वाळूत खणत तटापर्यंत सुरुंग नेले. मे महिन्यात ते उडवले गेले, तटास खिंडार पडले आणि शत्रूच्या माऱ्यात मराठे त्यात घुसले. दोन दिवसांच्या घोर रणानंतर पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली.

विजयी सेनापतीची खरी परीक्षा अशा वेळी होते. आपले असंख्य सोबती पडलेले असताना मनात सूड उसळणे साहजिक होते. परंतु अप्पांनी शत्रूस उदार अटी दिल्या. किल्ला सोडण्यास आठ दिवसांची मुदत मिळाली. शिबंदी सन्मानाने, बायकामुलांसह, सुखरूप बाहेर पडली. जे ख्रिस्ती रहिवासी मागे राहिले, त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली. दिलेला शब्द अप्पांनी पाळला.

या यशानंतर त्यांना फार आयुष्य लाभले नाही. एप्रिल १७४० मध्ये बाजीराव रावेरखेडी येथे निवर्तले. बंधुवियोगाचे दुःख गिळून अप्पांनी पुतणे नानासाहेब यांना पेशवेपदावर स्थिर होण्यास साहाय्य केले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांचाही अंत झाला. त्यांचे पुत्र सदाशिवरावभाऊ पुढे १७६१ मध्ये पानिपतावर धारातीर्थी पडले.

वसईचा तो किल्ला आज भग्न झाला आहे. त्याच्या आवारात अप्पांचे स्मारक आहे. आसपासच्या गावांत मंदिरेही आहेत आणि चर्चेही आहेत. दोन्हींकडील घंटांचा नाद तेथील वाड्यांतून ऐकू येतो. तट फोडणाऱ्या सुरुंगांइतकाच अप्पांनी पाळलेला शब्दही स्मरणात ठेवण्याजोगा आहे.