ॲमी जॉन्सन

दोन नगरांमधील अंतर बदलत नाही. परंतु ते ओलांडण्यास लागणारा काळ मात्र मनुष्याच्या बुद्धीने आणि धैर्याने कमी होत आला आहे. ज्यांनी हा काळ कमी करण्यासाठी आपले प्राण पणाला लावले, त्यांत ॲमी जॉन्सन या इंग्रज तरुणीचे नाव आदराने घेतले जाते.

ॲमीचा जन्म 1903 साली इंग्लंडमधील हल या बंदराच्या गावी झाला. तिचे वडील मासळीचे व्यापारी होते. विद्यापीठाचे शिक्षण पुरे करून ती लंडनमध्ये एका वकिलाच्या कचेरीत नोकरी करू लागली. फावल्या वेळी ती विमान चालविण्यास शिकली. एवढ्यावरच ती थांबली नाही. अंगावर तेलाचे डाग पडू देत तिने यंत्रदुरुस्तीची विद्याही हस्तगत केली आणि तिचा अधिकृत परवाना मिळविला.

पुढे तिने एक जुने, लहानसे विमान विकत घेतले व त्याचे नाव 'जेसन' ठेवले. या विमानाला वरून छप्पर नव्हते. त्यात बिनतारी संदेशाचे यंत्रही नव्हते. ते ताशी सुमारे 135 किलोमीटर वेगाने जाई. तोपर्यंतचा तिचा सर्वांत लांबचा प्रवास लंडनहून हलपर्यंतचा होता. तरीही 5 मे 1930 रोजी ती लंडनजवळील क्रॉयडनहून एकटीच निघाली. तिला ऑस्ट्रेलियातील डार्विन गाठावयाचे होते. मार्ग होता सुमारे 18,000 किलोमीटरांचा! बर्ट हिंकलर या वैमानिकाने 1928 साली हा प्रवास 15 दिवसांत केला होता. तो विक्रम मोडण्याची तिची आकांक्षा होती.

बगदादच्या वाटेवर वाळूचे भयंकर वादळ उठले. तिला वाळवंटातच उतरावे लागले. विमान उडून जाऊ नये म्हणून वादळ शमेपर्यंत ती त्याच्या शेपटीवर बसून राहिली. सहाव्या दिवशी ती कराचीस पोहोचली, तेव्हा ती हिंकलरच्या दोन दिवस पुढे होती. पुढे इंधन संपत आल्याने तिला झाशी येथे लष्कराच्या कवायतीच्या मैदानावर उतरणे भाग पडले. रंगूनजवळ तर पावसात विमान एका खड्ड्यात गेले आणि त्याचा पंखा मोडला. सुदैवाने दुसरा पंखा तिने बरोबर घेतला होता. तेथील तंत्रशाळेतील लोकांनी साह्य केले. परंतु दुरुस्तीत मोलाचे दिवस खर्ची पडले. विक्रम हातचा गेला. मात्र तिने प्रवास सोडला नाही. तिमोरचा विस्तीर्ण समुद्र ओलांडून 24 मे रोजी ती डार्विनला उतरली. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने उड्डाण करणारी ती पहिली स्त्री ठरली. पराभव झाला म्हणावे, तर साऱ्या जगाने तिचा जयजयकार केला!

दुसऱ्या महायुद्धात तिने विमाने पोहोचविण्याचे काम पत्करले. 5 जानेवारी 1941 रोजी अशाच एका कामगिरीवर असताना तिचे विमान थेम्स नदीच्या मुखाशी कोसळले. तिचा देह कधीच सापडला नाही. तेव्हा ती अवघी 37 वर्षांची होती.

2018 साली ऑस्ट्रेलियातील पर्थहून लंडनपर्यंत कोठेही न थांबता जाणारी विमानसेवा सुरू झाली. सुमारे 14,500 किलोमीटरांचा तो प्रवास साधारण 17 तासांत होतो. प्रवासी त्यात निश्चिंतपणे झोप घेतात. त्यांच्या त्या झोपेमागे ॲमीसारख्यांचे कितीतरी जागरण आहे! तिचे ते चिमुकले 'जेसन' विमान लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जपून ठेवलेले आहे.