चार स्वरांचा धनी

नाताळ जवळ आला की जगभरातील चर्चमधून, शाळांच्या सभागृहांतून आणि गजबजलेल्या बाजारपेठांतूनही एक धून हमखास कानावर येते. ‘कॅरोल ऑफ द बेल्स’ या नावाने ती ओळखली जाते. १९९० मधील ‘होम अलोन’ या चित्रपटाने तर तिला घराघरात पोहोचवले. मात्र ही धून मुळात नाताळची नाही आणि तिच्या मूळ शब्दांत घंटांचा उल्लेखही नाही. ज्या संगीतकाराने तिला गायकवृंदासाठी आकार दिला, त्याचा वयाच्या ४३ व्या वर्षी आई-वडिलांच्या घरातच खून झाला, हेही ती ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. त्या संगीतकाराचे नाव मिकोला लेओन्तोविच.

त्यांचा जन्म १३ डिसेंबर १८७७ रोजी युक्रेनच्या पोदिलिया प्रांतातील मोनास्तिरोक या खेड्यात झाला. हा प्रदेश त्या वेळी रशियन साम्राज्यात मोडत होता. वडील दिमित्रो हे गावचे धर्मगुरू. त्यांना अनेक वाद्ये वाजवता येत, तर आईचा गळा गोड होता. घरातच संगीताचे संस्कार झालेल्या मिकोलांनी कामियानेत्स-पोदिल्स्की येथील धर्मविद्यालयात शिक्षण घेतले. वडिलांप्रमाणे त्यांनीही धर्मगुरू व्हावे, अशीच सर्वांची अपेक्षा असणार. पण १८९९ मध्ये तेथून बाहेर पडलेल्या या तरुणाने धर्मपीठाऐवजी खेड्यातील शाळेचा फळा जवळ केला. चुकिव्ह या गावी ते गायन आणि गणित शिकवू लागले. हातात फारसा पैसा नव्हता. शाळेमागून शाळा बदलत गेली. शेतकऱ्यांच्या तोंडची गाणी टिपून घेण्याचा छंद मात्र कायम राहिला.

१९०४ मध्ये ते दोनबास भागातील ग्रिशिनो येथे रेल्वेच्या शाळेत रुजू झाले. तेथे त्यांनी रेल्वे कामगारांचा गायकवृंद उभा केला. दिवसभर यंत्रांशी झुंजणारी ही माणसे संध्याकाळी लोकगीते गाऊ लागली. परंतु १९०५ च्या क्रांतीच्या काळात कामगारांच्या सभांतून गाणारा गायकवृंद आणि त्याचा शिक्षक पोलिसांच्या नजरेत भरणे अटळ होते. १९०८ मध्ये लेओन्तोविच पोदिलियात परतले आणि तुलचिन येथे, खेड्यापाड्यांतील धर्मगुरूंच्या मुलींसाठी असलेल्या शाळेत संगीत शिकवू लागले. त्यांच्या सर्जनशील आयुष्यातील उत्तम वर्षे याच गावात गेली.

लोकगीताला साथीचे स्वर जोडून ते सजवणे लेओन्तोविच यांना पुरेसे वाटत नसे. गीताच्या आशयातूनच प्रत्येक आवाजाची स्वतंत्र चाल उमलावी, असा त्यांचा आग्रह असे. त्यासाठी तिशी ओलांडल्यावरही ते बोलेस्लाव्ह याव्होर्स्की यांच्याकडे विद्यार्थी म्हणून जात राहिले. स्वभावाने ते संकोची होते आणि आपल्या कामाविषयी कमालीचे असमाधानी. लोकगीतांचा आपणच प्रसिद्ध केलेला एक संग्रह मनाला न उतरल्याने त्यांनी त्याच्या प्रती परत विकत घेतल्या, असे सांगितले जाते. दीडशेहून अधिक समूहगीतांची रचना करणाऱ्या या माणसाला आपली रचना पूर्ण झाली, असे सहसा वाटतच नसे.

‘श्चेद्रिक’ हे गीत याच असमाधानाचे फळ आहे. जुन्या पंचांगानुसार नववर्षाच्या पूर्वसंध्येला मुली घरोघरी जाऊन सुबत्तेचे आशीर्वाद देणारी गाणी गात असत, त्यांपैकी हे एक. एक पाकोळी उडत घरी येते आणि धन्याला बाहेर बोलावते. मेंढ्या व्याल्या आहेत, घरात समृद्धी येणार आहे, अशी आनंदवार्ता ती त्याला देते. हिवाळ्याच्या गाण्यात पाकोळी आली, कारण ख्रिस्तपूर्व परंपरेत नवे वर्ष वसंतात सुरू होई, असे मानले जाते. या गीताची मूळ चाल म्हणजे अवघ्या चार स्वरांची एक आकृती. त्यातही निरनिराळे स्वर तीनच. लेओन्तोविच यांनी ही आकृती अखंड फिरती ठेवली आणि तिच्याभोवती एकामागून एक आवाज गुंफले. वाद्यांची साथ नसताना गाणे भरतीसारखे चढत जाते आणि अखेरीस हलकेच विरते. त्यावर ते अनेक वर्षे काम करीत राहिले आणि त्याची पाच रूपे त्यांनी सिद्ध केली.

डिसेंबर १९१६ मध्ये ओलेक्सांद्र कोशिट्स यांच्या संचालनाखाली कीव्ह विद्यापीठाच्या गायकवृंदाने ‘श्चेद्रिक’ प्रथम सादर केले आणि तुलचिनचा हा शिक्षक राजधानीच्या संगीतवर्तुळात परिचित झाला. क्रांतीनंतर ते कीव्हमध्ये शिकवू लागले. युक्रेनियन भाषेतील प्रार्थनाविधीलाही त्यांनी संगीत दिले. इकडे १९१९ च्या प्रारंभी सिमोन पेटल्यूरा यांच्या पुढाकाराने एक राष्ट्रीय गायकवृंद स्थापन झाला. नवजात युक्रेनियन प्रजासत्ताकाला मान्यता मिळावी, यासाठी कोशिट्स यांनी त्याला युरोपात नेले. प्रागपासून सुरू झालेल्या या दौऱ्यात ‘श्चेद्रिक’ला रसिकांकडून पुनःपुन्हा फर्माईश होई. प्रजासत्ताक टिकले नाही, गाणे मात्र टिकले.

त्याच्या कर्त्याच्या वाट्याला हे यश पाहणे आले नाही. १९१९ च्या ऑगस्टअखेरीस देनिकिनच्या फौजा कीव्हमध्ये शिरल्या, तेव्हा लेओन्तोविच यांनी पुन्हा तुलचिन गाठले. तेथे त्यांनी संगीतशाळा काढली आणि जलपऱ्यांच्या लोककथेवर आधारित ऑपेरा लिहायला घेतला. तो अपुराच राहिला. जानेवारी १९२१ मध्ये ते मार्किव्हका येथे आई-वडिलांना भेटायला गेले असताना एका अनोळखी माणसाने घरात रात्रीपुरता आसरा मागितला. २३ जानेवारीच्या सकाळी त्याच पाहुण्याने लेओन्तोविच यांच्यावर गोळी झाडली आणि घर लुटून तो निघून गेला. तो सोव्हिएत गुप्त पोलीस दलाचा, चेकाचा, हस्तक अफानासी ग्रिश्चेन्को होता, ही दडवून ठेवलेली माहिती १९९० च्या दशकात उघड झाली.

पुढच्याच वर्षी, ५ ऑक्टोबर १९२२ रोजी, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये कोशिट्स यांच्या गायकवृंदाने ‘श्चेद्रिक’ गायले. अमेरिकेतील संगीतशिक्षक पीटर विल्हूस्की यांना त्या फिरत्या स्वरांत घंटानाद जाणवला. त्यांनी लिहिलेले इंग्रजी शब्द १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पाकोळीचे गाणे नाताळचे झाले. कालांतराने अनेकांच्या लेखी ते एक अनामिक पारंपरिक गीत बनून गेले.

ग्रिशिनो म्हणजे आजचे पोक्रोव्हस्क. ज्या गावात लेओन्तोविच यांनी कामगारांना गाते केले, त्याचे नाव २०२४ पासून रशिया-युक्रेन युद्धातील भीषण लढाईमुळे जगाच्या कानावर पडत राहिले. त्याआधी, ४ डिसेंबर २०२२ रोजी, अमेरिकेतील पहिल्या सादरीकरणाची शताब्दी साजरी करण्यासाठी कीव्हमधील मुलांचा एक गायकवृंद कार्नेगी हॉलच्या मंचावर उभा राहिला. त्या गायकवृंदाचे नावही ‘श्चेद्रिक’च आहे. गावाकडच्या शाळेत मुलांना गाणे शिकवण्यात ज्याची हयात गेली, त्या शिक्षकाची आठवण शंभर वर्षांनी मुलांच्याच आवाजातून जागवली गेली.