घरचं उणं, परदेशी पुस्तक

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला एक प्रश्न कधी ना कधी पडतोच. आपल्या घरचं उणं परक्यांपुढे बोलावं का? इथे अमेरिकेत कुणी हुंड्याबद्दल किंवा जातीबद्दल विचारलं, की मीसुद्धा आधी चाचरते. अशा वेळी मला पंडिता रमाबाई आठवतात. त्यांनी ते उणं इंग्रजीत लिहिलं, त्याचं पुस्तक अमेरिकेत विकलं आणि विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि आईनं ते रमाबाईंना दिलं. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. भावाबरोबर पायी हिंडत त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. पुढे भाऊही गेला. बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, पण दोन वर्षांच्या आतच ते कॉलऱ्यानं वारले. पदरात लहानगी मनोरमा.

त्याच वर्षी, म्हणजे १८८२ मध्ये, पुण्यात त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' हे मराठी पुस्तक काढलं. बायकांनी शिकावं, स्वतःच्या पायांवर उभं राहावं, हा त्याचा सूर. त्याच्या विक्रीतून इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च निघाला! १८८३ मध्ये त्या लेकीला घेऊन बोटीत बसल्या. इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि इकडे एकच खळबळ उडाली.

मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेत आल्या आणि जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. १८८७ मध्ये त्यांचं 'द हाय कास्ट हिंदू वुमन' निघालं. प्रस्तावना आनंदीबाईंच्या कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांची. मुलीचं बालपण, लग्न, वैधव्य असं क्रमानं सांगत शेवटी त्या सरळ मदत मागतात: उच्चवर्णीय विधवांसाठी शाळा काढायची आहे, हातभार लावा. गावोगावी व्याख्यानं चालूच होती. वर्षभरात नऊ-दहा हजार प्रती खपल्या. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिनं दहा वर्षं पैसे पुरवण्याची हमी घेतली.

११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. याच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या.

टीका भरपूर झाली. बाईंनी परदेशात देशाची बदनामी केली, असं म्हणणारे तेव्हाही होते. पुढे विवेकानंद अमेरिकेत आले, तेव्हा रमाबाईंचे तिथले पाठीराखे आणि ते यांच्यात खटकेही उडाले. शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळताहेत म्हणून १८९३ मध्ये गदारोळ झाला आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. ते प्रश्न अगदीच पोकळ होते असं मी म्हणणार नाही.

पण टीका करणारे एक विसरतात. १८८९ च्या अखेरीस रमाबाईंनी मराठीत 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक काढलं. त्यात अमेरिकेचं कौतुक आहे, इथल्या बायकांच्या संस्थांचं तर खूपच आहे. पण काळ्या माणसांना भोगावी लागलेली गुलामी आहे, मूळ रहिवाशांवरचा अन्याय आहे, बायकांना न मिळालेले हक्कही आहेत. आपलं उणं त्यांनी अमेरिकनांना सांगितलं, तसं अमेरिकेचं आपल्यालाही सांगितलं. ज्या देशानं पैसे दिले, त्याचीही भीड ठेवली नाही.

मला हा हिशेब पटतो. नुसती तक्रार करायला त्या कुठेच बोलल्या नाहीत. बोलण्यातून काही उभं राहावं, ही त्यांची धडपड होती. आपल्याकडच्या मुलांना मराठी वाचता येत नसेल, तर या प्रवासवृत्ताचं मीरा कोसंबी यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर मिळतं. मी ते लेकीला दिलंय.