विश्लेषण : शरीरात रक्त फिरते, हे विल्यम हार्वे यांनी कसे सिद्ध केले?

हृदयातून निघालेले रक्त शरीरभर फिरून पुन्हा हृदयात येते, हे आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण १६२८ मध्ये हे पुस्तकात मांडणाऱ्या डॉक्टरकडे रुग्ण येईनासे झाले. हे डॉक्टर साधेसुधे नव्हते, तर खुद्द इंग्लंडच्या राजाचे वैद्य होते!

हार्वे कोण होते?

विल्यम हार्वे यांचा जन्म १ एप्रिल १५७८ रोजी इंग्लंडमधील फोकस्टन या किनारी गावात झाला. केंब्रिजनंतर ते इटलीतील पादुआ विद्यापीठात गेले आणि १६०२ मध्ये पदवी घेऊन परतले. तेथील त्यांचे गुरू फॅब्रिशियस यांनी शिरांमधील झडपांचे वर्णन केले होते, पण त्यांचे खरे काम त्यांच्या लक्षात आले नव्हते. हार्वे १६०९ मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्य झाले. पुढे पहिला जेम्स आणि त्यानंतर पहिला चार्ल्स या राजांचे वैद्य म्हणून त्यांनी काम केले.

आधीची समजूत काय होती?

दुसऱ्या शतकातील वैद्य गॅलेन यांची शिकवण तेव्हा प्रमाण मानली जाई. अन्नापासून यकृतात सतत नवे रक्त तयार होते आणि शरीर ते वापरून संपवते, अशी ती समजूत.

हार्वे यांनी काय केले?

त्यांनी सरळ हिशेब मांडला. एका ठोक्याला हृदयातून अर्धा औंस रक्त बाहेर पडते आणि अर्ध्या तासात हजार ठोके पडतात, असे धरले. दोन्ही आकडे त्यांनी मुद्दामच कमी घेतले होते. तरीही अर्ध्या तासाला ५०० औंस, म्हणजे सुमारे १४ किलो रक्त होते! एवढे रक्त शरीरात नसतेच, आणि तेवढे अन्न तर कोणी खातही नाही. मग तेच रक्त फिरत असणार, हाच निष्कर्ष उरतो.

दुसरा पुरावा दंडावरचा. दंडाला पट्टी बांधली की शिरा फुगतात. फुगलेल्या शिरेतील रक्त बोटाने पंजाकडे ढकलले, तर ते झडपेशी अडते. हृदयाकडे मात्र सहज सरकते. गुरूंनी पाहिलेल्या झडपांचे काम असे शिष्याने उलगडले.

विरोध किती झाला?

लॅटिनमधील हे ७२ पानी पुस्तक जर्मनीत फ्रँकफर्टला छापले गेले. त्यानंतर लोक हार्वे यांना वेडसर समजू लागले आणि त्यांचा व्यवसाय घसरला, अशी नोंद त्यांचे परिचित जॉन ऑब्रे यांनी केली आहे. पॅरिसमधील शरीररचनातज्ज्ञ रिओलान यांच्या आक्षेपांना हार्वे यांनी उत्तर दिले, तेही २१ वर्षांनी, १६४९ मध्ये. गंमत म्हणजे, रुग्णाचे रक्त काढण्याच्या जुन्या उपचारावर खुद्द हार्वे यांचा विश्वास कायम होता.

यादवी युद्धात ते राजाच्या बाजूने होते. त्या धामधुमीत त्यांचे लंडनमधील निवासस्थान लुटले गेले आणि कीटकांवरील संशोधनाची टिपणे नष्ट झाली. पुस्तकावरच्या टीकेपेक्षा हा घाव त्यांना अधिक लागला असावा.

एक दुवा मात्र राहिला होता. धमन्यांतील रक्त शिरांमध्ये जाते कुठून? हार्वे यांच्याकडे तेवढे शक्तिशाली सूक्ष्मदर्शक नव्हते. ३ जून १६५७ रोजी त्यांचे निधन झाले. चार वर्षांनी, १६६१ मध्ये, इटलीच्या मार्चेल्लो माल्पिगी यांना बेडकाच्या फुप्फुसात त्या केसासारख्या बारीक वाहिन्या दिसल्या.